बोलणी खाणारं पोर

मराठीत आपण काय वाटेल ते खातो. मार खातो, शिव्या खातो, कुणाचं तरी डोकं खातो, जमलं तर भावही खातो. बोलणी तर येता-जाता खातो. पण निव्वळ बोलण्यांवर पोट भरून ताटावरून उठलेलं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच घरात. वय 3 वर्षं 8 महिने.

झालं असं की लेकीने म्हटलेलं गाणं तिच्या आत्याला पाठवायचं म्हणून मी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं आणि बंद करायला विसरलो. फोन टेबलावर पालथा पडून राहिला. झोपताना बघतो तर 26 मिनिटांचं रेकॉर्डिंग. गाणं पहिल्या मिनिटातच संपलेलं. पुढची 25 मिनिटं आमचं रात्रीचं जेवण. पुसून टाकणार होतो, पण सहज कानाला लावलं आणि मग पुसवेना.

"खा." "खा गं." "चाव." "गिळ आता." "तोंडात धरून बसू नकोस." "इकडे बघ, आ कर." "एवढं संपव." "शेवटचे दोन घास." "शेवटचा." "आता हा खरंच शेवटचा." सगळा माझा आवाज. मधूनच आईचा, म्हणजे हिच्या आजीचा, "खाल्लं नाहीस तर अंगात ताकद कशी येणार?" बायको त्या दिवशी कामावरून उशिरा यायची होती. नाहीतर तिसरा आवाजही असता, आणि तो आमच्यापेक्षा फार वेगळं काही म्हणाला असता असं मला वाटत नाही.

मी त्यातले नुसते 'खा' मोजायला घेतले. 33 झाल्यावर सोडून दिलं. शाळेत व्याकरणाच्या तासाला आज्ञार्थ शिकवला होता तेव्हा त्याचा एवढा सराव पुढे आपल्या हातून होईल असं वाटलं नव्हतं. आज्ञार्थ दमला की आम्ही जर-तरवर यायचो. खाल्लंस तर गोड मिळेल, नाही खाल्लंस तर गोष्ट नाही. आणि स्वतः पोरगी? 25 मिनिटांत तिच्या वाट्याला "नको", "पुरे" आणि "पाणी" एवढंच आलं होतं. नाही म्हणायला अकराव्या मिनिटाच्या आसपास तिचं एक अख्खं वाक्य होतं.

"बाबा, याला बेंबी आहे."

त्यावर मी म्हणालो होतो, "बोलू नकोस. खा."

त्या रात्री ताटात मटार होते. दुसऱ्या दिवशी मी मटाराचा एक दाणा हातात घेऊन बघितला. चाळीस वर्षं मटार खातोय, दाणा कधी बघितला नव्हता. त्याच्या एका कडेला बारीकसा लांबट डाग असतो, आणि शेंग सोलताना नीट पाहिलं तर त्याच जागी एक आखूड देठ दाण्याला शेंगेशी बांधून ठेवतो. त्या देठातूनच दाण्याला अन्न मिळतं. दाणा सुटला की डाग उरतो. म्हणजे ती बेंबीच. पोरगी बोलली ते अगदी बरोबर होतं, आणि बोलली तेव्हा ती त्या मटाराच्या इतकी जवळ होती की पुढची पायरी तोंडात टाकण्याचीच असू शकली असती. मी मध्ये पडलो.

तेव्हापासून जेवताना मुलांशी काय बोलावं हा विषय डोक्यातून जाईना. मी वाचायला लागलो. (आमच्या पिढीचं हे एक आहे, मूल जेवत नसलं की आम्ही वाचतो. आईच्या पिढीत मूल जेवलं नाही तर शेजारीण येऊन बघायची.)

पहिलं जे हाती लागलं त्याने थोडा धीर आला आणि थोडी लाजही वाटली. मूल पहिल्या वर्षात जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात मात्र जेमतेम दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग असा एकदम उतरतो, तशी भूकही उतरते. आपल्या डोळ्यांत मात्र ते दहा महिन्यांचं, चमचा दिसला की तोंड उघडणारं बाळ बसलेलं असतं. शिवाय दोन ते सहा या वयात बहुतेक मुलांना अनोळखी अन्नाची भीती वाटते. म्हणजे मूल नुकतं चालायला लागलेलं असतं, दिसेल ते उचलू शकतं, आणि नेमकं तेव्हाच त्याला अनोळखी पान-फळ नकोसं व्हावं, हे माणूस जंगलात राहत होता तेव्हा सोयीचंच असणार. आपण त्याला 'नखरे' म्हणतो.

मग सूपचा प्रयोग सापडला. 2006 साली एमी गॅलोवे, लिआन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. बालवाडीच्या वयाची मुलं, दोन प्रकारची सूप. एका सूपच्या वेळी मोठ्या माणसाने मधूनमधून म्हणायचं, "सूप संपव हं." दुसऱ्याच्या वेळी काहीच म्हणायचं नाही. आग्रह नव्हता तेव्हा मुलं जास्त प्यायली, आणि आग्रह होता तेव्हा सूपला नावंही जास्त ठेवली. "संपव हं" एवढं तर मी श्वास घेतल्यासारखं म्हणत होतो. त्या प्रयोगात ओरडणारं, विमान उडवणारं, डोळे वटारणारं कुणीच नव्हतं. त्या मानाने आमचं घर म्हणजे तोफखाना.

याच बर्चबाईंचा 1984 चा एक जुना प्रयोग आमच्या जर-तरवर बेतलेला असावा असा. मुलांना एक नवं पेय द्यायचं. काहींना ते प्यायल्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी, काहींना नुसतंच. ज्यांना काही मिळालं नाही त्यांना ते पेय हळूहळू आवडायला लागलं, आणि ज्यांना प्यायल्याचा मोबदला मिळाला त्यांच्या मनातून ते उतरलं. विचार केला तर पोरांचा हिशोब चोख आहे. एखादी गोष्ट खाण्यासाठी जर पैसे मोजावे लागत असतील, तर त्या गोष्टीत काहीतरी खोट असणारच. आणि भाजीनंतर गोड, या सौद्यात भाजी ही किंमत आणि गोड हा माल, हे आपणच रोज सांगत असतो.

हे वाचून मी ठरवलं, आता हुकूम नाही की सौदा नाही, समजावून सांगायचं. आपण सुशिक्षित लोक. गाजर खाल्लं की डोळे चांगले राहतात, अंडं खाल्लं की स्नायू बळकट होतात, वगैरे.

गाजराच्या या वाक्याची मजा पुढे कळली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानं रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडायला लागली, ती विमानात बसवलेल्या नव्या रडारच्या जोरावर. रडार गुप्त ठेवायचं म्हणून आमचे वैमानिक गाजरं खूप खातात अशी बातमी सरकारने सोडून दिली. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तर रातांधळेपणा येतो हे खरंच आहे, पण पुरेसं जेवणाऱ्याला आणखी गाजरं खाऊन अंधारात दिसायला लागत नाही. म्हणजे ताटापाशी पोरांना ऐकवलेलं माझं पहिलं शास्त्रीय वाक्य ही अर्धी युद्धकाळातली थाप होती.

दुसरं वाक्य त्याहून लवकर उघडं पडलं. "हे खाल्लंस ना, की जोरात पळता येतं," असं मी एका संध्याकाळी म्हणालो. तिने एक घास खाल्ला, खुर्चीवरून उतरली, दारापर्यंत पळत गेली, परत आली आणि उभी राहिली. धापा टाकत म्हणाली, "तेवढंच पळते मी. खोटं बोलतोस तू." आई तोंडाला पदर लावून हसत होती. मला एवढंच सुचलं, की एका घासाने नाही होत, रोज खावं लागतं. यावर पोरगी म्हणाली, "मग उद्या खाईन."

याबद्दलही अभ्यास झालेत, आणि गंमत म्हणजे ते एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसतात. मिकाल मैमारन आणि आयेलेट फिशबाक या दोघींनी 2014 मध्ये दाखवलं की एखादा पदार्थ खाल्ला की ताकद येते, किंवा अंक मोजता येतात, असं गोष्टीतून ऐकलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांनी तो पदार्थ कमी खाल्ला. कारण असं, की जी वस्तू अमुक कामाला चांगली, ती चवीला चांगली नसणार, असं मुलं धरून चालतात. मोठी माणसंही धरतातच की! 'तब्येतीला उत्तम' असं कुणी वाढताना म्हणालं, की आपला हात आधीच आखडतो. पण 2019 मध्ये जेन लॅनिगन यांच्या गटाने अमेरिकेत वेगळंच पाहिलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सहा आठवडे काही पदार्थ पुन्हा पुन्हा दिले. त्यांतल्या काही पदार्थांसोबत मुलांना कळेल असं एक छोटं वाक्य असायचं, उदाहरणार्थ मसूर खाल्ली की तू मोठी होशील, जोरात पळशील. ते सहा आठवडे संपल्यावर महिन्याभराने पाहिलं, तर वाक्यासह दिलेले पदार्थ मुलांनी नुसत्याच दिलेल्या पदार्थांच्या दुप्पट खाल्ले. आवड मात्र वाक्यामुळे वाढली नाही, आणि चाखून बघायची तयारीही नाही.

यातलं कुठलं धरायचं? मी बरेच दिवस यावर डोकं खाजवलं. आता मला जे वाटतं ते माझं, संशोधकांचं नाही. पहिल्या प्रयोगात वाक्य एकदाच येऊन गेलं. दुसऱ्यात सहा आठवडे तोच पदार्थ पुन्हा पुन्हा समोर येत होता आणि वाक्य त्याच्या शेजारी उभं होतं, पुढे नाही. वाक्याने काम केलं असेल, पण पदार्थाचा चेहरा ओळखीचा झाला होता. आमच्या घरात मी उलट करत होतो. मटार महिन्यातून दोनदा, आणि त्याच्याबद्दलचं भाषण दर वेळी नवं.

मराठीत समजावून पटवण्याला 'गळी उतरवणं' म्हणतात. ज्याने हा शब्दप्रयोग पहिल्यांदा केला त्याच्या घरी चार वर्षांचं मूल असणार.

बोलायचं तर नेमकं काय, यावर घरात वादही झाला. आईचं साधं म्हणणं, जेवताना बोलूच नये, ठसका लागतो. मी आधी उडवून लावलं, मग लक्षात आलं की म्हातारीचं अर्धं म्हणणं शरीरशास्त्राला धरून आहे. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. गिळताना श्वासाची वाट क्षणभर मिटते, आणि बोलायला किंवा हसायला लागलं की ती उघडते. लहान मुलांची श्वासनलिका अरुंद, दाढा पुरत्या आलेल्या नाहीत. म्हणून अख्खं द्राक्ष किंवा शेंगदाण्यासारखा कडक दाणा चार-पाच वर्षांखालच्या मुलाला देऊ नये. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करून द्यावं. आमच्याकडे मग असा तह झाला की तोंडात घास असताना विनोद करायचा नाही, आणि कुणाला काही सांगायचं असेल तर आधी गिळायचं. हा नियम सगळ्यात जास्त मी मोडतो.

आईशी दुसरा वाद जरा कडू झाला. घरी कुणी आलं की ती म्हणायची, "ही भाजीला शिवत नाही हो." कौतुकानेच म्हणायची. एक दिवस पाहुण्यांनी मुलीपुढे ताटली सरकवली, तर हिने मान ताठ करून सांगितलं, "मी भाजी खात नसते." नाव, वय, इयत्ता सांगावी तसं. त्या ताटलीत तिने आदल्याच आठवड्यात दोनदा मागून खाल्लेलं होतं तेच होतं. मी आईला नंतर म्हणालो, "तू तिच्यासमोर असं म्हणत जाऊ नकोस." आई म्हणाली, "तुझ्याबद्दल मी तीस वर्षं हेच सांगितलं, तू काही मेला नाहीस." त्यावर मला उत्तर नव्हतं. पण बीट मी आजही खात नाही, आणि का खात नाही याचा कधी विचारही केलेला नाही. 'हा बीट खात नाही' हे वाक्य माझ्याआधी घरात राहायला आलं होतं.

आम्ही काय बदललं ते सांगतो, पण ते फार नाही. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची एक वाटणी सांगितली आहे: काय, कधी आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवायचं; खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ऐकायला सोपं आहे. करताना पहिले पंधरा दिवस हाताला आणि जिभेला खाज सुटते. मी जिभेला एक वाक्य देऊन ठेवलं: "नको वाटलं तर बाजूला काढून ठेव." त्यासाठी तिच्या ताटाशेजारी एक वाटी ठेवायला लागलो. आश्चर्य म्हणजे, काढून ठेवायची जागा मिळाल्यावर तोंडात घालायचं धाडस वाढलं. चाखलेलं परत काढता येतं हे माहीत नसेल तर कोण चाखेल? पहिल्या आठवड्यात वाटी भरायची. आईला ते बघवायचं नाही, ती उठून आत जायची.

'आवडलं का?' हा प्रश्न मी सोडला. त्याला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं आणि एकदा 'नाही' म्हटलं की मूल त्या शब्दाला बांधलं जातं. त्याऐवजी आवाजाबद्दल विचारतो. कुठल्या गाजराचा आवाज मोठा, उकडलेल्याचा की कच्च्या किसाचा? आंबट गालात लागतं की जिभेच्या टोकाला? याला बरोबर उत्तर नसतं, म्हणून ती देते. 'पोट काय म्हणतंय?' हेही विचारून पाहिलं. महिनाभर तिचं पोट "गोड दे" म्हणत होतं. मग एकदा म्हणालं, "झोपलंय." आणि ती खरंच ताट सोडून उठली. निम्मं ताट तसंच होतं. मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असणार, कारण जाताना ती म्हणाली, "रागावू नको ना."

एका रात्री ती काहीच न खाता उठली आणि साडेनऊला अंथरुणात भूक लागली म्हणून रडायला लागली. नियमाप्रमाणे आता थेट सकाळी. मी उठून केळं दिलं. बायको म्हणाली, "मग काय अर्थ राहिला?" मी म्हणालो, "बोलणी तरी दिली नाहीत." सॅटरबाईंना हे पटलं नसतं. पोरगी अंधारात केळं खात होती आणि मी चूप बसलो होतो. आमच्या घरातलं ते बहुधा पहिलं शांत जेवण.

शांत जेवण म्हटलं की मला शिकागोतल्या डॉ. क्लारा डेव्हिस आठवतात. 1926 च्या सुमाराला त्यांनी एक प्रयोग सुरू केला, आज कुणी करू देणार नाही असा. दूध सुटलेली 15 बाळं, 34 पदार्थ, सगळे साधे, साखर न घातलेले, फारशी प्रक्रिया न केलेले. परिचारिकेने चमचा घेऊन शेजारी बसायचं. बाळाने एखाद्या भांड्याकडे हात केला तरच घास द्यायचा. कशाचीही शिफारस करायची नाही, कशालाही नावं ठेवायची नाहीत, खाल्लं म्हणून कौतुक नाही. बाळांनी एका वेळी काय वाटेल ते खाल्लं, पण एकूणात ती चांगली वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळासमोर माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता. बरं होईपर्यंत ते आपणहून अधूनमधून ते पीत राहिलं. लोक यावरून मुलांच्या अंगी उपजत शहाणपण असतं असं सांगतात. डेव्हिसबाईंनी 1939 मध्ये स्वतःच सांगून टाकलं, की खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. वाईट निवड करताच येऊ नये असंच सगळं मांडलेलं होतं. मला मात्र त्या परिचारिकांचं नवल वाटतं. दिवसातून तीन-चार वेळा, महिनोन्‌महिने, हातात चमचा घेऊन एक शब्द न बोलता बसायचं. मी तीन मिनिटं बसून बघितलंय.

एक सांगायला हवं. हे सगळं भूक असलेल्या, वाढत असलेल्या मुलांचं. वजन उतरत असेल, घास घशाशी येऊन उलट्या होत असतील, मोजून चार पदार्थांपलीकडे मूल जातच नसेल, तर गोड बोलून काही होत नाही. तिथे बालरोगतज्ज्ञाकडेच जावं.

परवाचं जेवण. ती आता सहाची होतेय. ताटात मटार होते आणि निम्मं उकडलेलं अंडं. तिने मटाराचा दाणा उलटा करून बेंबी तपासली, हे ती अजून करते, आणि विचारलं, "कोंबडीच्या पिल्लाला बेंबी असते का?" मी ठामपणे नाही म्हणालो, अंड्यातून येणाऱ्याला कशाला बेंबी. आई म्हणाली, "सगळं माहीत असल्यासारखं बोलू नकोस." बायकोने फोनवर शोधलं. असते. अंड्यातून बाहेर यायच्या आधी उरलेला बलक पिल्लू बेंबीच्या जागेतूनच पोटात ओढून घेतं, आणि मग ती जागा मिटते. पोरगी अंड्यातल्या पिवळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. "म्हणजे हा त्याचा डबा," ती म्हणाली, आणि पिवळा खाल्ला. मग माशाला बेंबी असते का, सापाला असते का, आजीची कुठे गेली, हे सगळं झालं. त्यात अर्धा तास गेला. कोण काय खातंय इकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ती उठून गेल्यावर मी ताट उचललं. कडेला सात मटार उरले होते. मोजायची सवय अजून गेलेली नाही.